वजनाच्या इंजेक्शनचा डोस पायरीपायरीनं कसा वाढवायचा

मार्च २०२५ मध्ये वजन उतरवायचं माउंजारो इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये तसलंच वेगोव्ही आलं, आणि तेव्हापासून सांगलीत विश्रामबागला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला, "दादा, पुढचा डोस कधी घ्यायचा?" विचारणारे सगळ्या प्रकारचे, जिमची पोरं, शुगरवाले काका, पोरीच्या लग्नाआधी उतरवायचंच म्हणणाऱ्या मावशी. आता डोस किती आणि कधी हे ठरवणार तुमचे डॉक्टर, चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, कुणी देत असलं तरी नाही. पण डॉक्टरांसमोर तुम्ही दहा मिनिटं बसता आणि उरलेला महिना घरी एकटे असता, म्हणून त्यांनी सांगितलेलं घरी नीट कसं पाळायचं ते लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, कॅलेंडरवर तारीख आली म्हणून डोस वाढवू नये, आधीचा डोस अंगाला मानवलाय का बघून वाढवावा.

आधी आकडे

सेमाग्लुटाइड म्हणजे वेगोव्हीतलं औषध. आठवड्यातून एकदा, पहिले चार आठवडे ०.२५ एमजी, मग चार आठवडे ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी वरच्या डोसला पोचायला सोळा आठवडे लागतात. टिर्झेपेटाइड म्हणजे माउंजारो, ते २.५ पासून सुरू, चार आठवड्यांनी ५, आणि त्यापुढं गरज असेल तरच प्रत्येक पायरीला किमान चार आठवडे देत २.५ नं वाढवत जास्तीत जास्त १५ पर्यंत. जुनं लिराग्लुटाइड रोज घ्यायचं असतं, ते ०.६ पासून दर आठवड्याला ०.६ नं वाढत ३ ला थांबतं.

या औषधांचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नाहीत. "मी त्याचं १ घेत होतो मग याचं १ कुठंय" असं विचारणारे भेटतात. सेमाग्लुटाइडची गोळी पण येते रायबेल्सस नावानं, शुगरसाठी, ३, ७, १४ एमजीची, त्यातलं फार थोडं औषध पोटातून रक्तात जातं म्हणून आकडा मोठा असतो, तो बघून इंजेक्शनचा अंदाज बांधू नका. एका औषधावरनं दुसऱ्यावर जायचं असेल तर कुठल्या डोसपासून सुरू करायचं ते डॉक्टरांनाच लिहून मागा. आणि ओझेम्पिक आणि वेगोव्हीत औषध एकच आहे, दोन नावं म्हणून दोन्ही चालू ठेवायची नाहीत.

चार आठवडेच का?

कारण साधं आहे पण कुणी सांगत नाही. सेमाग्लुटाइड अंगातनं निम्मं कमी व्हायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे दुसरं इंजेक्शन घेता तेव्हा पहिल्याचं निम्मं आत शिल्लक असतं, मिळून दीड डोसाइतकं. तिसऱ्याला पावणेदोन, चौथ्याला जवळजवळ दोन, आणि तिथंच साधारण स्थिर होतं. म्हणजे इंजेक्शनच्या पेनवर आकडा तोच ०.२५ आहे, पण महिनाअखेरीला तुमच्या अंगात पहिल्या दिवसाच्या जवळपास दुप्पट औषध आहे. दुसऱ्याच आठवड्यात "काही होत नाही" म्हणून ज्यानं डोस वाढवला त्यानं पहिल्या डोसचा पुरता परिणाम बघितलाच नाही. टिर्झेपेटाइडला निम्मं व्हायला पाचेक दिवस लागतात, हिशोब थोडा वेगळा पण गोष्ट तीच.

दुसरं म्हणजे ही औषधं पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतात. पोटाला या नव्या चालीची सवय लागायला वेळ लागतो. एकदम मोठा डोस दिला तर उलट्याच सुरू होतात. म्हणून ०.२५ किंवा २.५ हा सवयीचा डोस आहे, वजन उतरवायचा नाहीच. पहिल्या महिन्यात एक किलोपण हलला नाही म्हणून तोंड पाडून येतात लोक, त्यांना मी हेच सांगतो.

पायरी पहिली, सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सगळं सांगा

लपवायचं काही नाही. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर किंवा एमईएन २ नावाचा आजार झालाय का, आधी कधी स्वादुपिंडाला सूज आलीये का, पित्ताचे खडे आहेत का, किडनीचा काही त्रास. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर ते आधी सांगायचं, सेमाग्लुटाइड त्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. शुगर असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण साखर झपाट्यानं खाली आली की आधीपासून खराब असलेला पडदा काही जणांचा जास्त बिघडतो. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं तोंडपाठ सांगायला जाऊ नका, "पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर कुणाला काही कळत नाही.

पायरी दुसरी, वार ठरवा

हे लोकांना किरकोळ वाटतं पण नाही. मळमळ बहुतेक करून इंजेक्शननंतरच्या एक ते तीन दिवसांत जास्त असते. आता सांगलीत रविवारी मटण असतंय, पाहुणे असतात, जत्रा असतात. शनिवारी इंजेक्शन घेऊन रविवारी तांबडा रस्सा ओरपला तर सोमवारी ऑफिस विसरा. सोमवारी रात्री किंवा मंगळवारी घ्या, म्हणजे त्रासाचे दिवस मधल्या वारात जातात जेव्हा घरी साधी भाकरी-भाजीच असते. वार नंतर बदलता येतो, पण दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन दिवस पाहिजेत.

पायरी तिसरी, वही ठेवा

मोबाइलवर लिहा नाहीतर दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहा, पण लिहा. एका ताईंनी काउंटरवर दाखवलेली नोंद अशी होती: "सोमवार रात्री ०.५, पोट डावीकडं. मंगळवार मळमळ, दुपारी अर्धी भाकरी. बुधवार करपट ढेकर. गुरुवार ठीक. संडास चौथ्या दिवशी. वजन जैसे थे." एवढंच. ही वही बघून त्यांच्या डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, आधी बद्धकोष्ठाचं बघितलं आणि आणखी चार आठवडे तोच ठेवला. वही नसती तर ताईंनी "बरं आहे की" म्हणून सांगितलं असतं, आपण सगळे डॉक्टरांसमोर तेच म्हणतो.

वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. रोज काट्यावर चढणाऱ्याचं डोकं फिरतं. कमरेचं माप पण घ्या, कधी काटा हलत नाही पण पँट सैल होते.

पायरी चौथी, वाढवायचा का थांबायचं

इथं खरी गंमत आहे. चार आठवडे संपले, पुढच्या पेनची चिठ्ठी हातात आहे. आता वहीतले शेवटचे दोन आठवडे उघडून बघा.

मळमळ एखादा दिवस आली आणि गेली, जेवण कमी पण जाते, पाणी पोटात राहते, संडास दोन दिवसांत होते, कामाला जाताय, तर पुढच्या पायरीला हरकत नसते. उलट्या चालू आहेत, पाणीपण टिकत नाही, उठल्यावर चक्कर येते, पाच-पाच दिवस संडास नाही, अन्नाचा वास नको झालाय, तर वाढवायचा नाही. डॉक्टरांना फोन करा, तोच डोस आणखी चार आठवडे ठेवतात किंवा एक पायरी खाली आणतात. यात नापास झाल्यासारखं वाटून घ्यायचं काही कारण नाही, कंपनीच्या माहितीपत्रकातच सोय आहे, सोसत नसेल तर पुढचा डोस चार आठवडे लांबवा, आणि वेगोव्हीचा २.४ झेपत नसेल तर १.७ वर कायम राहता येतं.

तिसरा प्रकार लोक विसरतात. त्रासही नाही आणि वजनही बऱ्यापैकी उतरतंय. मग वाढवायचं कशाला? टिर्झेपेटाइडच्या सरमाउंट १ नावाच्या मोठ्या चाचणीत, २०२२ मध्ये आकडे आले, ७२ आठवड्यांनी ५ एमजीवाल्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं, १० वाल्यांचं साडेएकोणीस आणि १५ वाल्यांचं जवळपास २१. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे ५ वरच साडेतेरा किलो गेले, डोस तिप्पट करून वर आणखी पाच-साडेपाच किलो. ते पाच किलो कुणाला पाहिजे असतील, कुणाला नसतील, गुडघे किंवा शुगर त्यावर अडली असेल तर जरूर घ्या. पण शेजारचा १० वर गेला म्हणून आपण पण जायचं, हे मला पटत नाही. गेल्या चार आठवड्यांत काटा खाली सरकतोय आणि भूक आटोक्यात आहे, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यावरच राहिलो तर चालेल का?" बऱ्याचदा चालतं.

आणि तारीख बरोबर असली तरी आठवडा चुकीचा असू शकतो. लग्नघर, परीक्षा, पंढरपूरची पायी वारी, गणपतीचे दिवस, कडक उन्हात द्राक्षबागेत किंवा रानात काम, या आठवड्यात डोस वाढवू नका. जुन्याच डोसवर एक-दोन आठवडे जास्त काढले तर काही बिघडत नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

पेनचं बटण फिरवताना होणारे क्लिक मोजून मधलाच डोस तयार करायची एक फॅशन निघालीये, व्हिडिओ बघून. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर करू नका.

वाढवल्यावरचा पहिला आठवडा

हा आठवडा जपायचा. ताट नेहमीच्या निम्मं वाढून घ्या, सावकाश खा, पोट भरलंय असं वाटलं की तिथंच हात धुवा, ताटात टाकायचं नाही हे संस्कार या आठवड्यात बाजूला ठेवा. तर्री, भजी, वडापाव, तुपात थबथबलेलं काही नको, तळलेलं पोटात तासन्‌तास पडून राहतं आणि मग करपट ढेकर. भडंग पण मूठभरच. आमटी-भात, मूगडाळीची खिचडी, दही-भात, उकडलेली अंडी, ताक मीठ घालून, असं चालतं. जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही.

भूक कमी झाली की लोक चहा-बिस्किटावर दिवस काढतात, हे वाईट. वजनाबरोबर स्नायू पण जातात. आधी ताटातलं अंडं, उसळ, पनीर, चिकन, मासे, जे खात असाल ते खाऊन घ्या आणि मग भाकरी. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम, जिमच पाहिजे असं नाही, खुर्चीवरनं उठ-बस, जिना, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पाणी घोट घोट दिवसभर. संडासला इसबगोल चालतं, पण भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर उलटंच होतं.

शुगरवाल्यांनी हे जास्त नीट वाचा. नुसत्या या इंजेक्शननं साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही, पण सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जाते. खाणं निम्मं झालं आणि जुनी गोळी तेवढीच, मग घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. म्हणून डोस वाढवताना दरवेळी विचारायचं, "माझी शुगरची गोळी तेवढीच ठेवायची का?" आणि साखर खाली गेलीच तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, वजन उतरलं की बीपी उतरतं आणि जुन्या डोसवर चक्कर यायला लागते.

टिर्झेपेटाइड घेणाऱ्या बायकांसाठी अजून एक, जे काउंटरवर कुणी मोठ्यानं विचारत नाही. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वाढीनंतरचे चार आठवडे तिच्यावर एकटीवर विसंबायचं नाही, कंडोम किंवा दुसरा उपाय सोबत ठेवायचा, कारण पोट हळू चालल्यामुळं गोळी नीट शोषली जात नाही. विचारायला लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या, आम्हाला सवय आहे.

डोस चुकला तर

माउंजारो चार दिवसांच्या आत आठवलं तर घेऊन टाका, त्यानंतर आठवलं तर तो सोडा आणि पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. वेगोव्हीला पाच दिवस. दोन डोस एकदम कधीच नाही. आणि गावाला गेलो, पेन राहिलं, असं करत दोन-तीन आठवडे गेले असतील तर परत त्याच मोठ्या डोसवर उडी मारायची नाही, पोटाची सवय मोडलेली असते. फोन करा, बहुतेक खालच्या पायरीपासून परत चढवतात.

वायल आणि सिरिंज

पेनमध्ये चुकायला जागा कमी असते, वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, जास्त. माउंजारोची वायल म्हणजे एका आठवड्याचा एक डोस, अर्धा एमएल, पूर्ण ओढायची. पण सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती, आणि पेटंट सुटलं की स्वस्त ब्रँड वेगवेगळ्या पॅकिंगमध्ये येतात, म्हणून एका बाटलीत किती एमजी आणि किती एमएल हे प्रत्येक वेळी वाचायलाच पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ मध्ये इशारा दिला होता, वायलमधनं सिरिंजनं घेताना लोकांनी युनिट (इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे) आणि एमजीचा घोळ करून पाचपट ते वीसपट डोस घेतले, दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

आपल्याकडं त्यात अजून एक भर आहे. इन्सुलिनच्या सिरिंज दोन येतात, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. अर्धा एमएल म्हणजे केशरीवर ५० चा आकडा आणि लालवर २० चा. घरात सासूबाईंच्या इन्सुलिनची लाल सिरिंज पडलीये म्हणून तीच वापरली आणि आकडा मात्र केशरीचा पाठ केलेला, असं झालं की अडीचपट औषध जातं. म्हणून चिठ्ठीवर एमजी, एमएल आणि सिरिंजचा रंग तिन्ही लिहून घ्या, आणि पहिला डोस सिस्टर किंवा डॉक्टरांसमोर भरून दाखवा.

टोचायचं कुठं तर पोटावर बेंबीपासनं दोन बोटं लांब, मांडीवर, किंवा दंडाच्या मागं दुसऱ्या कुणाकडनं, दर आठवड्याला जागा बदलून. सुई दरवेळी नवीन. पेनचं बटण दाबल्यावर आकडा शून्यावर आला तरी लगेच सुई काढू नका, सावकाश सहापर्यंत मोजा.

फ्रीज, ऊन आणि एसटी

न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत. फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही, एकदा गोठलं की टाकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या खाली किती दिवस चालतं ते कागदावर दिलेलं असतं, पण एप्रिल-मे मध्ये सांगलीत दुपारी घरातच ३० च्या वर असतं, म्हणून उन्हाळ्यात वापरातलं पण फ्रीजमध्येच बरं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळवरनं लोक एसटीनं येतात, त्यांनी बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून आणावी, पेन बर्फाला थेट टेकलं की गोठतं. गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करत फिरायचं नाही.

बिल घ्या, बॅच नंबर बघा, दुकानदार फ्रीजमधनं काढून देतोय का बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये नकली सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिलेला आहे, त्यामुळं पार्लरमध्ये, जिममध्ये, व्हॉट्सअपवर "ओळखीतनं स्वस्तात" मिळतंय त्याला हात लावू नका.

हे झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही

पोटात वरच्या बाजूला जोरात दुखतंय, पाठीकडं जातंय, थांबत नाही. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे. उलट्यांनी पाणीपण राहत नाही, लघवी कमी आणि गडद. नजर अचानक कमी झाली. चेहरा-ओठ सुजले, श्वास लागतोय. तेव्हा पुढचं इंजेक्शन थांबवून थेट दवाखाना, रात्र असली तरी मिरज-सांगलीत इमर्जन्सी उघडी असते. आणि ऑपरेशन किंवा दुर्बिणीची तपासणी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे म्हणून आधीच सांगा, उपाशी राहिलं तरी पोट रिकामं नसू शकतं.

पैशाचं पण बोलून ठेवा

डोस चढला की बहुतेक ब्रँडची किंमत पण चढते. माउंजारो आलं तेव्हा २.५ ची वायल ३५०० आणि ५ ची ४३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला चार वायल, १४ हजारावरनं साडेसतरा. नंतर भाव बदललेत, बदलत राहतील. पण हे औषध चार-सहा महिन्यांत घेऊन सोडायचं असं नाही, सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांच्या अभ्यासात वर्षभरात गेलेल्या वजनाचं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणून वरच्या डोसचा खर्च वर्षभर झेपणार नसेल तर चढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, खालच्या डोसवर नीट थांबलेलं बरं, वर जाऊन दोन महिन्यांनी एकदम तुटण्यापेक्षा. एकदा एक काका म्हणाले, "डॉक्टरला पैशाचं कसं सांगायचं ओ?" तसंच सांगायचं, तोंडावर, त्यांना रोज दहा जण सांगतात.

आणि पुढच्या पायरीचं पेन आधीचं संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा, मोठ्या डोसची पेनं प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेली नसतात, मागवायला लागतात, आणि मग तेवढ्यासाठी आठवडा चुकतो.